ऐकणारीचे चरित्र

गवयांची चरित्रे लिहिली जातात, आणि ती लिहिली जावीत हे योग्यच आहे; परंतु ज्यांनी संसारखर्चातून आणे बाजूला काढून नाटकाची तिकिटे काढली, ज्यांच्या मान डोलावण्याने गाणाऱ्याला आपली जागा नेमकी पडल्याची खातरी पटली, आणि ज्यांच्या कपाळावरील आठीने ती चुकल्याची वर्दी त्याला तत्काळ मिळाली, त्या श्रोत्यांची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. त्यातून श्रोता स्त्री असेल, ती नाटकगृहात बायकांसाठी राखून ठेवलेल्या बाजूला पदर सावरून बसणारी असेल, आणि ऐकलेले पद दुसऱ्या दिवशी ताक घुसळताना स्वतःशीच पडताळून पाहणारी असेल, तर तिच्या रसिकतेचा पुरावा तिच्या मुलाबाळांच्या स्मरणापलीकडे कुठेच उरत नाही. माझी आई अशी श्रोता होती. १९१६ साली ती मिरजेस जन्मली आणि २००९ साली पुण्यास वारली. एवढ्या दीर्घ आयुष्यात तिने एकही जाहीर मैफल केली नाही आणि एकही ध्वनिमुद्रिका तिच्या नावावर नाही. तरीही आमच्या घरातील तीन पिढ्यांचे कान तिने तयार केले. ती मायाळू होती, सुगरण होती, काटकसरी होती. पण हे सर्व बहुतेक आयांविषयी लिहिता येते, आणि लिहिलेही गेले आहे. मला लिहावयाचे आहे ते तिच्या ऐकण्याविषयी.

आम्ही भावंडे तिला 'वहिनी' म्हणत असू. घरात दोन धाकटे काका होते, ते म्हणत म्हणून आम्हीही म्हणू लागलो. वडिलांना त्याच न्यायाने 'दादा' म्हणत असू. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकाला यात काही नवल वाटणार नाही.

मिरजेत जन्मणे हे त्या काळी संगीताच्या दृष्टीने भाग्याचे होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणाऱ्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे येथे वास्तव्य झाले. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याजवळ येथेच शिकले, आणि १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून देशभर नाव झाल्यावर १९३१ साली देह ठेवावयास येथेच आले. बालगंधर्वांना कानाच्या उपचारासाठी शाहू महाराजांनी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात पाठविले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आणि १९०५ साली शकुंतलेच्या भूमिकेत त्यांनी किर्लोस्कर मंडळीतून रंगभूमीवर पहिले पाऊल टाकले तेही मिरजेतच. ज्याच्या गळ्याने पुढे सारा महाराष्ट्र वेडा केला तो या गावी प्रथम आला तो दुखऱ्या कानांनिशी, ही गोष्ट वहिनीला फार आवडे. तिच्या मते गाण्याचा सारा कारभार कानाकडे असतो. गळा हा केवळ त्याचा हुकूम बजावणारा शिपाई.

तिचे वडील कीर्तनकार होते. घरात सकाळी रियाझ म्हणून जे चाले ते ख्यालगायन नव्हे; आर्या, साक्या, दिंड्या, कटाव, अभंग असा तो सरंजाम होता, आणि मागल्या ओसरीवर धान्य निवडीत बसलेल्या या मुलीच्या कानांवरून तो रोज जात असे. पुढे नाटकातल्या पदांत साकी किंवा दिंडी आली की ती नकळत हाताने मात्रा मोजू लागे. उरुसाच्या दिवसांत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे होई, तेव्हा वडील तिला बरोबर नेत. कपाळी गंध लावलेला हरदास दर्ग्यात जाऊन मांडी घालून बसतो याचे मिरजेत कोणास विशेष वाटत नसे. खाँसाहेबांचा आवाज बारीक होता, वहिनी सांगे, इतका की लांब बसलेल्यांनी श्वास धरून बसावे. पण तो षड्जावर येऊन थांबला की पुढे काही गाण्याची गरजच उरली नाही असे वाटे. हे वर्णन तिने मला आयुष्यात अनेकदा ऐकविले, आणि प्रत्येक वेळी जवळजवळ त्याच शब्दांत. ज्या गोष्टीविषयी माणसाला पक्की खातरी असते ती सांगताना शब्द बदलत नाहीत.

१९३३ साली ती लग्न होऊन सांगलीस आली. मिरजेपासून हे गाव तीनएक कोस. पण घराच्या रीतिभातीत अंतर बरेच होते. सांगलीला नाटकाचे वावडे असण्याचे कारण नव्हते, कारण १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' येथेच उभे केले आणि देवलांचे हरिपूर तर नदीकाठाने पायी जाण्याच्या अंतरावर. मात्र नाटक पाहणे निराळे आणि घरच्या सुनेने गाणे निराळे, असा त्या पिढीचा विवेक होता. तिला दाखविण्याचा जो समारंभ झाला त्यात 'गाणे येते का' असा प्रश्न रीतीप्रमाणे विचारला गेला. तिने एक पद म्हटले. आणि ती गात असताना वरपक्षाची मंडळी आपसात मानपानाचे बोलत राहिली. हे ती कधी विसरली नाही. तिच्या बोलण्यात कडवटपणा नसे. पण पुढे माझ्या आणि माझ्या भावाच्या लग्नाच्या वेळी मुली पाहण्यास निघताना तिने दादांना स्वच्छ बजावले होते, की मुलीला काहीही विचारा, गायला मात्र सांगू नका. ऐकायचे नसेल तर गायला सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. माझ्या पत्नीला गाणे बऱ्यापैकी येते ही गोष्ट त्यामुळे आम्हांला लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी कळली.

माझी आजी, म्हणजे वहिनीच्या सासूबाई, कजाग मुळीच नव्हत्या. भूपाळी, ओवी, आरती, मंगळागौरीची गाणी यांना त्यांची पूर्ण मोकळीक होती. त्यांचा आक्षेप तानांना होता. वहिनीने यातून जी वाट काढली ती मला तिच्या स्वभावाची साक्ष वाटते. तिने तक्रार केली नाही, रुसवा धरला नाही. पहाटे जात्यावर बसली की ओवीच्या शेवटच्या चरणात ती एखादी मुरकी, एखादी हरकत इतक्या बेमालूमपणे घालीत असे की जात्याची घरघर आणि ती यांत फरक करणे कठीण जावे. आजीचे कान तिखट होते. "अगं, दळणाला एवढ्या हरकती कशाला? पीठ जाडं येतंय," असे त्या अंथरुणातून म्हणत. पण थांब असे त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि त्या आजारी पडल्यावर पहाटेची ओवी राहिली तर "आज दळण नाही का?" असे विचारू लागल्या.

१९३७ सालच्या ऑक्टोबरात खाँसाहेब वारले. मद्रासेकडून पाँडिचेरीला जाताना वाटेत बरे वाटेना म्हणून ते सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनात उतरले, फलाटावर अंथरूण घालून घेतले, तंबोरा मिळवून घेतला आणि दरबारीत कलमा गाता गाता प्राण सोडला, ही हकीकत आता सर्वश्रुत आहे. देह मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. त्या दिवशी तू काय केलेस, असे मी एकदा विचारले. "काय करणार? दिवाळी आठवड्यावर आली होती, भाजणी भाजत होते," ती म्हणाली, आणि थोडे थांबून, "करपली," एवढेच पुढे म्हणाली.

दादा सांगली संस्थानच्या मुलकी खात्यात कारकून होते. १९४८ च्या मार्चात संस्थाने विलीन झाली, संस्थानी नोकर मुंबई सरकारच्या पटावर आले, आणि दक्षिण सातारा म्हणून जो नवा जिल्हा १९४९ साली निर्माण झाला (त्यालाच पुढे १९६० साली सांगली हे नाव मिळाले) त्याच्या तालुक्यांतून आमची बिऱ्हाडे हिंडू लागली. वेतनाच्या फेरआकारणीचे प्रकरण काही वर्षे टेबलांवरून फिरून अखेर मंजूर झाले आणि दादांच्या हाती थकबाकीची रक्कम एकदम आली, तेव्हा त्यांनी जे केले त्याचे आम्हांला आजही आश्चर्य वाटते. दादांना गाण्यातले ओ की ठो कळत नसे. भूप आणि भैरवी यांत त्यांना फरक दिसे तो एवढाच की भैरवी झाली की उठून घरी जाता येते. असा हा मनुष्य कोणास न सांगता मिरजेस सतारमेकरांच्या गल्लीत गेला आणि तंबोरा घेऊन आला.

मिरजेच्या या वाद्यांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. गेल्या शतकाच्याही आधी, तलवारींना धार लावण्याचा पिढीजात धंदा बसू लागल्यावर फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या भाऊबंदांनी तंतुवाद्यांकडे मोहरा वळविला, आणि त्यांच्याच वंशविस्ताराने मिरजेचे नाव भारतभर नेले. पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणारे कडू भोपळे माळ्यावर टांगून वाळवावयाचे, त्यांतून नेमक्या आकाराचा निवडावयाचा, त्याला लाकडी गळा आणि दांडी जोडावयाची, आणि मग सर्वांत अवघड काम, म्हणजे घोडीच्या माथ्यावर कानस फिरवून जवारी काढावयाची. जवारी काढणारा कारागीर बहुधा गात नाही. पण त्याच्या कानाची बरोबरी गवयालाही सहसा करता येत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वहिनी असती तर सरकारला हे कळावयास इतका काळ लागला याबद्दल ती एखादा शेरा मारल्यावाचून राहिली नसती.

तंबोरा आल्यावर ती गाऊ लागेल अशी आमची समजूत होती. ती गायली थोडे. लावून ऐकत बसली फार. दुपारची झाकपाक झाली की ती गवसणी काढी, खुंट्या पिळून आधी दोन्ही जोडतारा मिळवी, मग पंचम, मग पितळेचा खर्ज, आणि मग मणी केसभर वर, केसभर खाली सरकवीत राही. त्यानंतर घोडी आणि तार यांमधला रेशमी दोरा ती दोन बोटांच्या चिमटीत धरून इतक्या हळुवारपणे पुढे ढकली की तो सरकला हे डोळ्यांना कळू नये. पण एका क्षणी तार मोकळी होऊन बोलू लागे आणि खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार स्वच्छ वर येई. "आला बघ," ती म्हणे. आम्हांला प्रथम काहीच ऐकू येत नसे. तिने आम्हांला स्वर शिकविण्याआधी हा गंधार ऐकावयास शिकविले, आणि तो ज्या दिवशी ज्याला ऐकू आला त्या दिवशी त्याला मूठभर गूळदाणे मिळत.

हा तंबोरा एस्टीने आमच्याबरोबर तालुका-तालुका हिंडला. इतर सामान टपावर जाई. तंबोरा गवसणीसकट तिच्या मांडीवर. एका गावी कंडक्टरने त्याचे अर्धे तिकीट मागितले, तेव्हा दादा नियमांचा हवाला देऊन हुज्जत घालू लागले. वहिनीने मुकाट्याने पैसे काढून दिले आणि म्हणाली, "द्या हो. जागा अडवतोय, आणि मुलांपेक्षा गप्प बसतोय."

१ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले तेव्हा आम्ही ज्या गावी होतो तेथे रेडिओ होता तो मामलेदारांच्या बंगल्यात. मामलेदारीणबाईंनी त्याला हार घातला होता, पुढे उदबत्ती लावली होती, आणि अव्वल कारकुनापासून पट्टेवाल्यापर्यंत सर्वांच्या घरच्या बायका सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या होत्या. पुढे वर्षभर, छप्पन्न गीते होईतो, हा परिपाठ चालला. गीत संपले की बायका डोळे पुशीत; वहिनी मात्र राग ओळखण्यात गुंतलेली असे. पहिले गीत भूपातले आहे हे तिने सांगितले त्याचे कोणाला फारसे अप्रूप वाटले नाही. परंतु पुढेपुढे गीत संपताच सगळ्या जणी आधी तिच्या तोंडाकडे पाहू लागल्या. तिच्या विद्वत्तेचा एवढा एकच दरबार कधी भरला, आणि त्यातही ती मागल्या ओळीत, दाराशी बसत असे, कारण घरी दुधावर लक्ष ठेवावयास कोणी नसे.

स्वतःचा रेडिओ पुढे आला. १९५२ पासून शनिवारी रात्री साडेनऊला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागत असे, आणि त्या रात्री आमच्या घरी जेवणे लवकर उरकत. या काळात ती गाण्याइतकीच गाळलेल्या गोष्टींबद्दलही बोले. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती आणि ती पुढे तीस वर्षे टिकली. या फतव्याबद्दल तिचे मत दुहेरी होते. श्रुतींच्या दृष्टीने पेटी अपुरी आहे हे तिला तत्त्वतः मान्य होते. परंतु गोविंदराव टेंब्यांचा हात जिने ऐकला तिला पेटी वाईट हे मान्य करणे जड जाई. "पेटी वाईट नसते, पेटीवाला असतो," असा निकाल देऊन ती मोकळी होई. मला वाटते, सरकारने नेमलेल्या समित्यांपेक्षा तिचा निकाल अधिक न्यायाचा होता.

तिच्या रसिकतेत सोवळेओवळे नव्हते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण जुन्या श्रोत्यांविषयी लिहिताना त्यांना उगाच घराणेदार करून टाकण्याचा मोह होतो. लावणी तिला आवडे. लता मंगेशकरांची चित्रपटगीते ती गवयाच्या गाण्याइतकीच बारकाईने ऐके. आणि नातवाने गिटार आणली तेव्हा तिने पहिली चौकशी केली ती ती सुरात लावता येते का याची. हिराबाई बडोदेकरांविषयी मात्र तिला विशेष अभिमान होता: एक तर त्या १९०५ साली मिरजेत जन्मलेल्या, खाँसाहेबांच्या कन्या, आणि दुसरे म्हणजे स्त्रीने तिकीट लावून, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, प्रतिष्ठेने जाहीर मैफल करावी हा पायंडा त्यांनी पाडला. त्या गाऊ लागल्या की मंडळी मानपानाचे बोलत नसत, असे ती म्हणे, आणि या वाक्याचा संदर्भ आम्हांला ठाऊक असे.

दादा गेल्यावर ती पुण्यास माझ्याकडे आली. सवाई गंधर्व महोत्सवाला रमणबागेच्या मैदानावर ती अंगावर शाल, पायांत लोकरी मोजे आणि पिशवीत आल्याच्या वड्या अशा जय्यत तयारीने जाई. पुढे ध्वनिवर्धकांच्या नियमांमुळे रात्रभराच्या बैठका बंद झाल्या. कायदा तिला पटत असे, आजारी माणसांची झोप मोडू नये हेही पटत असे, तरी उत्तररात्रीचे राग आता दिवेलागणीच्या आत कसे कोंबणार, असा तिचा प्रश्न असे, आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नसे. नातवंडांना तिने कधी पलटे घोकून शिकविले नाहीत. कुकरची शिट्टी कोणत्या पट्टीत आहे, दाराची घंटा आणि शिट्टी यांत अंतर किती, शेजारच्या गिरणीचा पट्टा कोणत्या लयीत फिरतो, असे ती विचारी. माझी मुलगी सातवीत असताना शाळेतून येऊन म्हणाली, "आजी, आमच्या शाळेची घंटा काळी दोन आहे, पण प्रार्थना सगळे पांढरी चारमध्ये म्हणतात." आजीने तिला जवळ घेऊन जो मुका घेतला तसा तिच्या पहिल्या नंबराला कधी घेतला नव्हता.

नव्वदीच्या सुमारास तिला कमी ऐकू येऊ लागले. डॉक्टरांनी यंत्र दिले. ते तिने चारच दिवस लावले. "यातून सगळेच बेसूर गातात," असे म्हणून तिने ते डबीत ठेवले ते ठेवलेच. विजेच्या तंबोऱ्याची पेटी मात्र तिला पसंत पडली. जुनी माणसे या पेटीला नाके मुरडतात, पण बदल्यांच्या काळात हे असते तर अर्धे तिकीट वाचले असते, असे ती हसून म्हणे. आवाज पूर्ण वाढवून ती पेटी ती उशाशी ठेवी. शेजाऱ्यांनी एकदा सौम्य तक्रार केली. त्यांना मी काय सांगितले ते आता आठवत नाही, पण आवाज कमी केला नाही हे खरे.

तिच्या पश्चात ज्या वस्तू उरल्या त्यांत तिच्या वह्या आहेत. नाटकगृहाबाहेर पदांची छापील पुस्तके विकत मिळत, त्यांतून, आणि बाकीची ऐकून ऐकून, तिने पदे, अभंग, ओव्या आणि गौरीची गाणी बारीक बालबोध अक्षरांत उतरून घेतली होती. प्रत्येकाच्या डोक्यावर जुन्या रिवाजाप्रमाणे चालीचा उल्लेख आहे. पण तो बहुधा 'चाल: मागील पदाप्रमाणे', 'चाल: वडिलांची', 'चाल: सासूबाई म्हणत ती' असा आहे. माझ्या मुलीने, जी आता स्वतः गाणे शिकविते, या वह्यांचे बाड घेऊन बसून एकेक पद लावून पाहिले. राग आणि ताल लिहिलेली पदे तिला बसविता आली. वडिलांच्या चालीतील काही मला आठवली, काही माझ्या बहिणीला. 'सासूबाई म्हणत ती' या चालीच्या ज्या नऊ ओव्या आहेत त्यांपैकी एकीचीही चाल आज आमच्या कुटुंबात कोणास येत नाही. ज्यांच्या घरी अशी वही असेल आणि ती लिहिणारी अद्याप बोलत असेल, त्यांनी या दिवाळीत तिच्याजवळ बसावे, हाती आता सर्वांच्याच असणारे ध्वनिमुद्रणाचे यंत्र सुरू करावे, आणि ती गात असताना आपसात बोलू नये.